न विचारलेला रकाना

मृत्यूच्या नोंदीचा जो नमुना क्रमांक दोन, त्या कागदाच्या अंगात एक छिद्रांची रेघ असते. रेघेच्या एका बाजूस कायदेविषयक माहिती : मृताचे नाव, वय, मृत्यूची तारीख, ठिकाण, खबर देणाऱ्याचे नाव आणि त्याची सही. दुसऱ्या बाजूस सांख्यिकीय माहिती : धर्म, व्यवसाय, अखेरच्या आजारात मिळालेली वैद्यकीय मदत, मृत्यूचे कारण. पहिला भाग नोंदवहीत बांधला जाऊन दप्तरात कायमचा राहतो, त्याच्या आधारे वारसांना दाखला मिळतो, आणि त्या दाखल्याच्या बळावर सातबाऱ्यावर वारसांची नावे चढतात, विम्याची रक्कम सुटते, निवृत्तिवेतन विधवेच्या नावे वळते. दुसरा भाग महिनाअखेर रेघेवर फाडून, गठ्ठा बांधून वरच्या कचेरीकडे रवाना होई, आणि तो पुन्हा कधी आमच्या दृष्टीस पडत नसे. एका तालुक्याच्या गावच्या नगरपरिषदेत हे कागद भरणे, फाडणे आणि रवाना करणे हेच माझ्या नोकरीतले बहुतेक सर्व काम होते, आणि ज्या एका रकान्याविषयी मला आज लिहावयाचे आहे तो या फाडून जाणाऱ्या भागाच्या अगदी तळाशी आहे.

जन्म-मृत्यू नोंदणीचा अधिनियम १९६९ सालचा; परंतु नमुन्यांची फेररचना होऊन माझ्या नोकरीत प्रचारात असलेले कागद आले ते २००० सालच्या सुमारास, आणि त्यांत चार प्रश्न नव्याने पडले. मृत व्यक्तीस धूम्रपानाची सवय होती काय, तंबाखू खाण्याची होती काय, सुपारी-पानमसाल्याची होती काय, आणि मद्यपानाची होती काय. असल्यास किती वर्षे? प्रश्न सर्वांसाठी होते. स्त्री असो वा पुरुष, नमुन्याने त्यांत भेद केलेला नव्हता. भेद मी केला, आणि तो करतो आहे याची जाणीवसुद्धा मला कित्येक वर्षे नव्हती.

पुरुष वारला म्हणजे मी हा प्रश्न विचारीत असे. घरी मृत्यू झाला असेल तर एकवीस दिवसांच्या आत घरचे कोणी तरी खबर द्यायला येई, पुष्कळदा दीर वा मुलगा, आणि त्यांच्या मागे पदर डोक्यावरून घेतलेली बायको. "पीत होते का?" असे मी विचारले की दीर खाली पाही, आणि उत्तर तिच्याकडून येई. एकीने दिलेले उत्तर माझ्या कानांत अजून जसेच्या तसे आहे. "व्हय साहेब, पीत व्हते," ती म्हणाली, आणि किती वर्षे, या प्रश्नावर बोटे मोजू लागली. तिला साल सांगता येत नव्हते. थोरलीच्या वेळी आपण सहा महिन्यांच्या गरोदर होतो तेव्हा ते पहिल्यांदा पडत-झडत घरी आले. मधला शाळेत जायला लागला तेव्हा कामावर जायचे बंद झाले. धाकटा पोटात असताना गळ्यातले डोरले गेले. अशा रीतीने मुलांच्या वयांवरून हिशेब करीत ती एकोणीस या आकड्यापर्यंत पोचली, आणि तो आकडा तिने अशा खात्रीने सांगितला की एखाद्या वैद्याच्या नोंदींतही इतका अचूक इतिहास सापडला नसता. गावातल्या स्त्रियांपाशी नवऱ्यांच्या दारूची ही बखर तोंडपाठ असते. महाराष्ट्रात गावोगाव ज्या बायकांनी दारूबंदीच्या मतदानात मतपत्रिकेवरची उभी बाटली आडवी केली, त्या कुठल्याशा उपदेशाने उठल्या असे ज्यांना वाटते त्यांनी माझ्या खिडकीशी एक दिवस बसून पाहावयास हवे होते.

या व्यसनाने मरणारांत पुरुष अधिक, हे सत्य आहे, आणि ते साऱ्या जगाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणे २०१९ या एका वर्षात मद्यपानामुळे सुमारे २६ लाख माणसे दगावली, त्यांतले २० लाख पुरुष. इतर अमली द्रव्यांनी ६ लाख दगावली, त्यांतले ४ लाख पुरुष. आपल्या देशात पिणाऱ्यांमधली तफावत तर याहून कितीतरी मोठी आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मद्य घेणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांचे १.६ टक्के आढळले, म्हणजे एका स्त्रीमागे सतरा पुरुष. आमच्या कागदांत ती एकसुद्धा नसे.

मात्र पुरुषांच्या बाबतीतही कागद संपूर्ण खरे सांगत असे असे नाही. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या नमुन्यावर स्पष्ट सूचना छापलेली असते की मृत्यूस कारण झालेला रोग, इजा वा उपद्रव लिहावा, हृदय बंद पडणे यासारखा मरणाचा प्रकार लिहू नये. आणि तरीही हृदय व श्वसनक्रिया बंद पडली, एवढेच लिहिलेली प्रमाणपत्रे माझ्या हातांतून किती गेली याची गणती नाही. यकृत सुकून गेलेल्या माणसाच्या कागदावर 'सिरॉसिस' हा शब्द येई, त्याच्या आधी 'मद्यजन्य' हा शब्द क्वचितच येई, कारण विम्याच्या रकमेसाठी आणि अब्रूसाठी घरच्यांनी डॉक्टरांना हात जोडलेले असत. रात्री दुचाकीवरून परतताना उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळलेला, कालव्यात सापडलेला, विहिरीच्या काठावर बसल्याजागी तोल गेलेला, अशांची नोंद अपघात वा बुडून मृत्यू अशी होई. पंचनाम्यात बाटलीचा उल्लेख असला तरी तो फौजदारी दप्तरात राही. शवविच्छेदनाच्या कागदावर 'व्हिसेरा राखून ठेवला, अभिप्राय राखून ठेवला' एवढेच असे, आणि रासायनिक विश्लेषकाचा अहवाल कित्येक महिन्यांनी येई तेव्हा आमचा कागद केव्हाच फाडून रवाना झालेला असे. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालाड-मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ती वार्ता साऱ्या देशाने वाचली, कारण ती एका वस्तीत आणि चार-पाच दिवसांत गेली. एकेकटा मरणारा माणूस वार्ता होत नाही, आणि आमच्या दप्तरी तर तो पुष्कळदा दारूने मेलेलाही ठरत नाही.

हे सर्व मला कळत होते आणि सलतही होते. जे कळत नव्हते ते मला एका मुलीने दाखविले.

पावसाळ्याचे दिवस होते. बाहेरच्या पत्र्यावर पाण्याचा इतका आवाज होत होता की खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला मोठ्याने बोलावे लागे. तिशीच्या घरातली ती मुलगी आईच्या मृत्यूची खबर द्यायला एकटीच आली होती. आई घरीच वारली होती. घरच्या डॉक्टरांनी दिलेल्या प्रमाणपत्रावर यकृताचा सिरॉसिस हे कारण होते. मी नाव, वय, पत्ता लिहिला, गर्भारपणाशी वा बाळंतपणाशी मृत्यूचा संबंध होता काय या स्त्रियांच्या रकान्यात, वय पासष्ट पाहून, रेघ मारली, आणि तळाच्या चार रकान्यांत वरपासून खालपर्यंत सवयीने 'नाही, नाही, नाही, नाही' असे लिहून कागद सहीसाठी तिच्यापुढे सरकवला. तिने सही केली नाही. ओठ हलवीत, शाळेतल्या पोरीसारखे बोट ठेवून तिने प्रत्येक रकाना वाचला आणि तळाशी येऊन थांबली.

"हे तुम्ही मला विचारलं नाहीत," ती म्हणाली.

मी काही बोललो नाही. मागे रांग होती. तिने मान वळवून रांगेकडे पाहिले, आणि पत्र्याच्या आवाजावर आपला आवाज चढवून म्हणाली, "आई घेत होती. बाबा गेल्यापासून. अकरा वर्षं. लिहा."

रांगेतली कुजबुज थांबली. मी शेवटचे 'नाही' खोडले, 'होय' लिहिले, अकरा हा आकडा घातला आणि खोडाखोडीपाशी आद्याक्षरे केली. दाखल्यावर हे काही येणार नाही, असे तिला धीर देण्यासाठी मी सांगितले, तेव्हा तिने उत्तर दिले की ते तिला ठाऊक आहे. मग जाता जाता, माझ्याकडे न पाहता, ती एवढे बोलली की दवाखान्यात अकरा वर्षांत कोणीही तिच्या आईला ते विचारले नव्हते. पोट दुखते म्हणून गोळ्या दिल्या, झोप येत नाही म्हणून गोळ्या दिल्या, कावीळ झाली म्हणून पथ्य सांगितले, आणि पांढऱ्या लुगड्यातल्या, शाळेतून मास्तरीण म्हणून निवृत्त झालेल्या बाईला असला प्रश्न कसा विचारावा म्हणून कोणी विचारले नाही.

त्या संध्याकाळी मी दप्तर बंद केले नाही. मागच्या वर्षांच्या नोंदवह्या काढून बसलो. हेतू असा होता की ज्या स्त्रियांच्या मृत्यूचे कारण सिरॉसिस, कावीळ, रक्ताची उलटी असे लिहिलेले आहे त्यांच्यापुढचा मद्याचा रकाना पाहावा, आणि जिथे मी न विचारता लिहिले असेल तिथे निदान आता घरच्यांना विचारावे. नोंदवही उघडताच माझ्या ध्यानात आले की तो रकाना तिथे नाहीच. जो भाग राहिला होता त्यावर नाव होते, वय होते, माझी सही होती. माझे 'नाही' ज्यावर होते तो भाग मीच महिन्यामहिन्याला रेघेवर फाडून पाठवून दिला होता. कायद्याने चुकीच्या नोंदीची दुरुस्ती करता येते, ती नावातल्या काना-मात्रेची, तारखेची. या चुकीच्या दुरुस्तीला अर्ज कोण करणार आणि कुठल्या कागदावर करणार? वर गेलेल्या गठ्ठ्यांतून बेरजा झाल्या असतील, बेरजांचे तक्ते झाले असतील, आणि आमच्या तालुक्यात मद्यपी स्त्री मरत नाही, असे त्या तक्त्यांनी कोणाला तरी सांगितले असेल. ते विधान माझ्या हस्ताक्षरात होते.

ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे माझे अपुऱ्या प्रमाणपत्रांच्या निमित्ताने जाणे-येणे असे. मी त्यांना ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी मला जे समजावून दिले ते मी त्यापूर्वी कधी ऐकले नव्हते. स्त्रीच्या देहात पाण्याचा अंश पुरुषापेक्षा कमी आणि मेदाचा अधिक, त्यामुळे सारख्या वजनाच्या दोघांनी सारखीच दारू घेतली तरी स्त्रीच्या रक्तात तिचे प्रमाण जास्त चढते. शिवाय दारूचे विघटन करणारे जे एक विकर जठरात असते ते स्त्रियांत कमी काम करते असे संशोधकांना १९९० साली आढळले. म्हणून थोड्या मात्रेने आणि थोड्या वर्षांत स्त्रीचे यकृत बिघडते. ज्या वाटेला पुरुषाला वीस वर्षे लागतात ती स्त्री पुष्कळदा त्याहून फार लवकर चालून जाते. "आणि आपल्याकडे बाई येते ती शेवटच्या टप्प्यावर," ते म्हणाले, "कारण पुरुष रस्त्यात पडतो, बाई दार लावून घेते." अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ साली पुण्यात उभ्या केलेल्या 'मुक्तांगण'मध्ये स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा निराळा विभाग आहे, हेही मला त्यांच्याकडूनच कळले. पुरुषांच्या देखत तोंड उघडणे जिला अशक्य, तिला स्वतंत्र दार लागते.

त्या दारावरून मला एक साधी गोष्ट सुचली. खिडकीतून, रांगेच्या समक्ष, जो प्रश्न मी विचारीत होतो तो विचारण्याची ती जागाच नव्हे. मी मुख्याधिकाऱ्यांची परवानगी काढून खिडकीच्या आतल्या अंगाला, जुन्या लोखंडी कपाटाच्या आडोशाला एक बाकडे टाकून घेतले, मृत्यूची खबर देणाऱ्यांना आत बसवू लागलो, आणि चारही प्रश्न प्रत्येकाला, मृत व्यक्ती पुरुष असो वा स्त्री, वाचून दाखवू लागलो. प्रारंभी पुष्कळांना राग आला. एका वृद्ध गृहस्थांनी, "आमच्या घरातल्या बाईविषयी हे विचारता?" म्हणून अध्यक्षांकडे तक्रारही नेली. पण नमुना सरकारी, प्रश्न छापील. मी तो पुढे करीत असे.

उत्तरे येत गेली तशी मला एका निराळ्याच गावाची ओळख झाली. तंबाखूचा प्रश्न केला की मुलगा ठासून नाही म्हणे, आणि लगेच पुस्ती जोडी, "नुसती मशेरी लावायची." भाजलेली तंबाखू दिवसातून चारदा हिरड्यांना लावणारी ती माउली घरच्यांच्या लेखी निर्व्यसनी असे, आणि कारणाच्या रकान्यात तोंडाचा कर्करोग असे. मद्याच्या प्रश्नाला स्त्रियांच्या बाबतीत मिळालेले होकार थोडेच होते, ते थोडेच असणार. पण ते कोणाचे होते पाहा. वीटभट्टीवर विटा वाहून पाठ धरली म्हणून नवऱ्याच्या बाटलीतली घोटभर घेणारी, पहाटे गटारात उतरणाऱ्या धन्याबरोबर झाडू घेऊन निघणारी, स्वतः गाळून विकणारी आणि विकता विकता चाखणारी. आणि त्यांच्याच शेजारी बंगल्यात राहणारी, जिच्या कपाटात औषधाच्या बाटलीत दुसरेच काही सापडले अशी. झोपेच्या गोळ्यांसाठी मात्र नमुन्यात रकाना नाही. डॉक्टरांची एक जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे दुकानातून त्या आणणाऱ्या, एके सकाळी न उठलेल्या दोन बायकांच्या कागदांवर मी काही लिहू शकलो नाही. इतर अमली द्रव्यांच्या जागतिक आकड्यांत स्त्रियांचा वाटा मद्यापेक्षा मोठा दिसतो, सहा लाखांत दोन लाख. ते वाचताना मला त्या दोघी आठवल्या.

आणि तरीही सर्वांत मोठी संख्या या सगळ्याच्या बाहेर राहिली. रुग्णालयातून येणाऱ्या गठ्ठ्यात भाजून मेलेल्या तरुण स्त्रियांचे कागद असत; कारण 'भाजणे', टक्का ऐंशी वा नव्वद, आणि मद्याचा रकाना 'नाही'. ते 'नाही' अक्षरशः खरे होते. ती पीत नव्हती. तिने अंगावर रॉकेल ओतून घेतले वा ते ओतले गेले त्या रात्री घरात कोण पिऊन आले होते, हे विचारणारा रकाना कुठल्याही नमुन्यात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२१ साली देशात १,६४,०३३ माणसांनी आत्महत्या केल्या, पुरुष १,१८,९७९ आणि स्त्रिया ४५,०२६. त्यांत व्यसनामुळे झालेल्या ६.४ टक्के अशा वेगळ्या मांडलेल्या आहेत, आणि त्या बहुतांशी पुरुषांच्या आहेत. 'कौटुंबिक समस्या' हे कारण मात्र सर्वांत वर, जवळजवळ एकतृतीयांश. मी तो तक्ता वाचतो तेव्हा माझी दृष्टी व्यसनाच्या ओळीवर ठरत नाही. ती कौटुंबिक समस्यांच्या ओळीवर जाते, आणि त्या दोन शब्दांच्या आत किती जणींच्या घरची दारू मिटून ठेवली आहे याचा अंदाज मी माझ्या बाकड्यावरून करू लागतो. पुरुष दारूने अधिक मरतात, हे विधान मी आजही खोटे म्हणणार नाही. पण ज्याने ते कागद भरले आहेत त्याला, दारूने कोण मरते आणि दारू पिऊन कोण मरते हे दोन प्रश्न एकच आहेत असे म्हणवत नाही.

निवृत्तीला काही महिने उरले असताना एक म्हातारबाबा बायकोची खबर द्यायला आले. धोतर धुतलेले, टोपी हातात, बरोबर कोणी नाही. बायको घरी, झोपेत गेली होती. मी त्यांना बाकड्यावर बसविले, पाणी दिले आणि प्रश्न वाचीत गेलो. बिडी नाही, तंबाखू नाही, सुपारी सणासुदीला. मद्याचा प्रश्न वाचला तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मला वाटले, राग आला असेल.

"ती न्हाई," ते म्हणाले. "म्या पीत व्हतो. तीस वर्सं. आता सोडली, पर तवा तिची कंबर मोडली ती मोडलीच." मग टोपी गुडघ्यावर ठेवून त्यांनी विचारले, "तिच्या कागदावर माझं लिवता येतंय का, साहेब?"

मी त्यांना कागद दाखविला. तशी जागा नव्हती. मी 'नाही' लिहिले, त्यांना विचारून लिहिले, आणि सहीची जागा रेघेच्या अलीकडच्या भागात असते म्हणून कागद फिरवून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा काढून डोळ्यांशी नेला, तळाचा तो रकाना पुन्हा एकदा पाहिला, आणि मग डाव्या हाताने कागद दाबून धरून, एकेक अक्षर सुटे काढीत सही केली.